पापणीवरचा पिवळा डाग आणि भावाची टाच

ताई, तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही कंसात टाकली आहे. दोन्ही डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्याशी पिवळसर चट्टे आले, पार्लरमध्ये दोनदा काढून घेतले, दोन्ही वेळा वर्षभरात परत आले, मग त्वचेच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं आणि रिपोर्ट बघून ‘हृदयाच्या डॉक्टरांना भेटा’ म्हणाले, हे सगळं तुम्ही सविस्तर लिहिलंत. कंसात मात्र एवढंच: ‘वडील ४७ व्या वर्षी झोपेतच गेले, पण ते माळकरी, अंडंसुद्धा खात नव्हते.’ आणि अगदी शेवटी, जाता जाता, धाकट्या भावाच्या दोन्ही टाचांच्या मागे गाठी आहेत, त्या बूट चावून झाल्या असणार.

मी चोवीस वर्षं त्वचारोगांचीच प्रॅक्टिस करतेय, त्यातली बरीचशी कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात. खरं सांगू? तुमच्या पापण्यांपेक्षा मला त्या टाचांची जास्त काळजी वाटते. ‘पापणीच्या डागाचा हृदयाशी काय संबंध’ हा तुमचा प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर जरा लांबचा वळसा घेऊन द्यावं लागेल.

आधी रिपोर्ट. एकूण कोलेस्टेरॉल ३४२, एलडीएल (ज्याला ‘वाईट’ कोलेस्टेरॉल म्हणतात) २७२, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ४६, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) ११८. यात एकच आकडा वेडावाकडा आहे, एलडीएल; एकूण आकडा त्यामुळेच चढलाय. बाकी दोन्ही ठीक. वजन वाढून, साखर वाढून, बैठ्या कामाने जे बिघडतं त्याचा तोंडवळा वेगळा असतो: ट्रायग्लिसराइड चढलेलं, एचडीएल घसरलेलं, एलडीएल थोडंफार वर. तो रिपोर्ट आम्ही रोज बघतो. सडपातळ बाईचं एकटं एलडीएल अडीचशेच्या वर गेलेलं दिसलं की ताटात काय होतं हे विचारण्याआधी घरात कोणाला काय झालं हे विचारायचं असतं.

आता पापणीवरचे चट्टे. त्यांना झँथेलाझ्मा म्हणतात. गंमत अशी की हे चट्टे असलेल्या साधारण निम्म्या लोकांचं कोलेस्टेरॉल नॉर्मल निघतं. म्हणून काही डॉक्टरही ‘काही नाही हो, दिसायला वाईट एवढंच’ म्हणून सोडून देतात. तेही पूर्ण बरोबर नाही. कोपनहेगनमध्ये १९७६ ते ७८ च्या सुमारास तपासलेल्या १२,७४५ लोकांवर २००९ पर्यंत नजर ठेवली होती. सुरुवातीला त्यांतल्या ४.४ टक्के लोकांच्या पापण्यांवर असे चट्टे होते. कोलेस्टेरॉल, रक्तदाब, सिगारेट या सगळ्यांचा हिशेब वेगळा काढूनही त्या लोकांना हार्ट अटॅकचा धोका जवळजवळ दीडपट निघाला. बुबुळाभोवतीच्या पांढुरक्या कड्याचा मात्र असा स्वतंत्र संबंध दिसला नाही. साठीनंतर ती कडा बऱ्याच जणांना येतेच. चाळिशीच्या आत आली तर मात्र दुर्लक्ष करू नका.

दीडपट धोका म्हणजे गंभीर, पण घाबरून जाण्याइतका नव्हे. तुमच्या घराची गोष्ट मला वेगळी वाटते ती इतर कारणांनी. आनुवंशिक कोलेस्टेरॉलवाढ ओळखायला डॉक्टर डच लोकांनी तयार केलेली एक गुणपत्रिका वापरतात. त्यात पापणीच्या चट्ट्याला किती गुण आहेत? शून्य. पंचेचाळिशीच्या आत बुबुळाभोवती कडा आली तर ४. आणि टाचेमागच्या शिरेवर (रक्ताची शीर नव्हे, स्नायू हाडाला जोडणारी दोरी) चरबीची गाठ असेल तर ६, जी एकटीच माणसाला ‘बहुधा आहे’ या रांगेत नेऊन बसवते. म्हणजे ज्याच्यासाठी तुम्ही दोनदा पैसे भरले त्याला शून्य, आणि ज्याचा दोष बुटावर गेला त्याला सहा.

हे असं का, ते समजायला चरबीचा प्रवास समजून घ्यावा लागेल. तूप पाण्यात मिसळत नाही, आणि रक्त म्हणजे बहुतांशी पाणीच. त्यामुळे शरीराला चरबी इकडून तिकडे न्यायची तर ती गाडीत भरून न्यावी लागते. या गाड्या म्हणजे लायपोप्रोटीन. आत चरबी, बाहेरून पातळ आवरण, आणि त्यावर पत्त्यासारखं लावलेलं प्रथिन. आतड्यातून जेवणातली चरबी घेऊन निघतात त्या मोठ्या गाड्या, कायलोमायक्रॉन. यकृतातून निघतात त्या व्हीएलडीएल. वाटेत स्नायूंना, चरबीच्या पेशींना इंधन उतरवत उतरवत या गाड्या रिकाम्या होतात, आणि व्हीएलडीएलचा जो कोलेस्टेरॉलने भरलेला शेवटचा सांगाडा उरतो तो एलडीएल. त्याने शेवटी परत यायचं असतं. बहुतेक एलडीएल पुन्हा यकृतातच खाली होतं.

तुम्ही सांगलीकडच्या, म्हणून तुमच्या ओळखीचंच उदाहरण देते. गळीत हंगामात कारखान्याबाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. रांग लांबली म्हणजे ऊस जास्त पिकला असंच काही नाही. ऊस आत ओढून घेणाऱ्या गव्हाणी चार आहेत आणि त्यांतल्या दोन बंद पडल्या, तरी रांग गावाच्या वेशीपर्यंत जाते. उभ्या ट्रॉलीतला ऊस वाळतो, रस्त्याच्या कडेला सांडतो, वाटेतल्या पोरांच्या हाती लागतो. यकृताच्या पेशींवर अशा गव्हाणी असतात, त्यांना एलडीएल रिसेप्टर म्हणतात. एक रिसेप्टर एलडीएलचा एक कण पकडून आत नेतो, तिथे उतरवतो आणि पुन्हा पृष्ठभागावर येतो. एका फेरीला दहाएक मिनिटं, आयुष्य साधारण वीस तासांचं. म्हणजे शंभरेक फेऱ्या मारून तो निवृत्त होतो.

आनुवंशिक कोलेस्टेरॉलवाढीत बहुतेक वेळा या रिसेप्टरच्या दोन जनुकांपैकी एक जन्मतःच बिघडलेलं असतं. कधी आईकडून, कधी वडिलांकडून आलेलं. निम्म्या गव्हाणी बंद. साधारण दर अडीचशे माणसांमागे एकाला हे असतं. म्हणजे दोन-अडीच हजार वस्तीच्या गावात आठ-दहा जण, आणि त्यांतल्या बहुतेकांना पत्ताही नसतो. आपल्या ‘माळकरी’ कंसाचं उत्तर इथे आहे. शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल शरीरच बनवतं, जेवणातून येतो तो लहान वाटा. तुमच्या वडिलांच्या ताटात काही चूक नव्हती. ताट कितीही सात्त्विक असलं तरी बंद गव्हाण त्याने उघडत नाही. मी अंडं न खाणाऱ्या माणसांत एलडीएल ३०० बघितलंय आणि रोज तांबड्या रश्श्यावर जगणाऱ्यांत ९०. पहिल्याला ‘पथ्य पाळा’ एवढंच सांगून परत पाठवणं हा मी अन्याय समजते. तो आणखी काय सोडणार?

आता उभ्या राहिलेल्या ट्रॉल्यांचं काय होतं ते पाहू. पापणी, टाच आणि हृदय एकत्र येतात ते इथेच. रक्तात दिवसेंदिवस रेंगाळणारं एलडीएल रक्तवाहिनीच्या अस्तरातून थोडं थोडं झिरपतं आणि भिंतीत अडकतं. तिथे त्याच्यात रासायनिक बदल होतात, ते ‘खराब माल’ ठरतं, आणि मॅक्रोफेज नावाच्या सफाई करणाऱ्या पेशी ते गिळायला येतात. साध्या पेशीचं पोट भरलं की ती आपले एलडीएल रिसेप्टर कमी करते. मॅक्रोफेज ज्या दारातून हा खराब माल आत घेतो त्या दाराला तशी कडी नाही. तो गिळतच राहतो. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली ती पेशी साबणाच्या फेसासारखी दिसायला लागते, म्हणून तिला फेसाळ पेशी म्हणतात.

पापणीचा चट्टा कापून स्लाइडवर ठेवा: फेसाळ पेशी. टाचेची गाठ: फेसाळ पेशी. हृदयाच्या धमनीत साचत गेलेल्या थराची सुरुवात: फेसाळ पेशी. मला शिकताना या तीन स्लाइड एकामागून एक दाखवल्या होत्या आणि कुठली कुठली ते ओळखा म्हणाले होते. पेशींवरून ओळखता आलं नाही, आजूबाजूच्या ऊतींवरून ओळखावं लागलं.

मग पापणीच का, टाचच का? पापणीची त्वचा शरीरातली सगळ्यात पातळ, आणि ती दिवसभर उघडझाप करत असते. टाचेमागच्या शिरेवर प्रत्येक पावलाला ताण येतो. जिथे हालचाल, घासणं आणि दाब जास्त, तिथल्या बारीक केशवाहिन्यांतून जास्त झिरपतं, असं मानलं जातं. कोपर, गुडघे, बोटांच्या पेरांवरच्या शिरा ही ठिकाणंही त्याच कारणाने. हृदयाच्या धमन्या तर जन्मापासून अखेरपर्यंत एक ठोका न चुकवता हलत असतात.

हे तिन्ही धागे पहिल्यांदा नीट एकत्र बांधले ते ऑस्लोच्या कार्ल म्युलर यांनी, १९३८ मध्ये. त्यांनी नॉर्वेतली १७ कुटुंबं तपासली आणि त्वचेवरच्या व शिरांवरच्या गाठी, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि छातीत दुखणं हे एकाच घराण्यातून एकत्र खाली उतरतं असं दाखवलं. पण बिघाड नक्की कुठे, हे कळायला आणखी पस्तीसेक वर्षं गेली. डॅलसमध्ये मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोघांनी ते शोधलं, आणि हे मी जरा अभिमानाने सांगते, ते सापडलं त्वचेत. रुग्णांच्या त्वचेचा छोटासा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी त्यांनी काचेच्या भांड्यात वाढवल्या. निरोगी माणसाच्या पेशींना एलडीएल दिलं की त्या स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवणं थांबवत. ज्यांची दोन्ही जनुकं बिघडलेली त्यांच्या पेशींना कितीही एलडीएल घाला, कारखाना चालूच. कारण एलडीएल आत जातच नव्हतं, आत पुरेसं आहे हे पेशीला कळणार कुठून? त्यातून रिसेप्टरचा शोध लागला आणि १९८५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

दोन्ही जनुकं बिघडली तर काय होतं ते स्टॉर्मी जोन्स या टेक्ससच्या मुलीच्या बाबतीत जगाने पाहिलं. कोलेस्टेरॉल हजाराच्या वर, आणि सहाव्या वर्षापर्यंत हृदयाच्या शस्त्रक्रिया झालेल्या. १४ फेब्रुवारी १९८४ रोजी पिट्सबर्गमध्ये थॉमस स्टार्झल यांच्या पथकाने तिला हृदय आणि यकृत एकत्र बसवलं. नुसतं हृदय बदलून काय उपयोग, तेही बुजलं असतं. नवं यकृत म्हणजे नव्या गव्हाणी. कोलेस्टेरॉल तीनशेच्या खाली-वर येऊन थांबलं. ती आणखी सहा वर्षं जगली.

अशी मुलं आपल्याकडेही जन्मतात, आणि त्याचं एक कारण घरगुती आहे. मामाच्या मुलीशी, आत्याच्या मुलाशी लग्न करायची रीत आपल्याकडे अनेक समाजांत अजून आहे. एरवी एखाद्या बिघडलेल्या जनुकाची त्याच बिघाडाशी गाठ पडणं दुर्मीळ, पण एकाच आजोबांकडून ते दोन्ही बाजूंनी आलेलं असेल तर दुर्मीळ राहत नाही. काही वर्षांपूर्वी एका नऊ वर्षांच्या मुलीला तिची आई ‘चामखीळ जाळायला’ म्हणून माझ्याकडे घेऊन आली. गुडघे, कोपरं आणि बोटांच्या बेचक्यांत पिवळट-नारिंगी गाठी. आईवडील मामे-आते भावंडं. एलडीएल सहाशेच्या वर. तिला मी तेव्हाच हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. आधी दोन ठिकाणी त्या गाठी खरंच जाळल्या होत्या, त्याचे व्रण दिसत होते. त्या डॉक्टरांना दोष द्यायला मी कचरते, कारण प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे आली असती तर मीही कदाचित तेच केलं असतं.

म्हणून टाच बघायला शिका. टाचेच्या हाडापासून पोटरीकडे जाणारी जी जाड दोरीसारखी शीर असते, जुन्या लोकांच्या तोंडी तिला धोंडशीर म्हणतात. पाय सैल सोडून अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत ती वरपासून खालपर्यंत चाचपून बघा. निरोगी शीर सगळीकडे सारखी, कडेने धारदार लागते. झँथोमा, म्हणजे चरबीची गाठ, असेल तर ती मध्येच फुगलेली, गुळगुळीत नसलेली, कधी खडबडीत लागते. पाऊल वरखाली हलवलं की गाठ शिरेबरोबर हलते, वरची कातडी मात्र त्यावर मोकळी सरकते. रंग शोधू नका. गाठ शिरेत खोलवर असते, त्यामुळे वरून कातडी आपल्या रंगाचीच दिसते. बूट चावल्याचा घट्टा कातडीतच असतो, शिरेत नसतो, आणि दोन्ही पायांना एकाच उंचीवर सहसा होत नाही. भावाला पुढच्या व्हिडिओ कॉलवर टाच दाखवायला सांगू नका, त्याला चाचपायला लावा. शंका उरली तर साध्या सोनोग्राफीत शिरेची जाडी मोजता येते.

चरबीच्या वाहतुकीचा दुसराही एक घोटाळा त्वचेवर दिसतो, तो तुमचा नाही, पण वाचणाऱ्या कोणाच्या उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात. चांदीच्या कामातला तिशीतला एक तरुण ढुंगणावर, कोपरांवर आणि पाठीवर अचानक उठलेल्या पिवळसर, लालसर कडेच्या बारीक पुळ्या घेऊन आला होता. महिनाभर घामोळ्याची पावडर लावत होता. रक्त काढलं तर ट्यूबमध्ये जणू दूध. ट्रायग्लिसराइड चार हजारांच्या आसपास, आणि साखर वाढलेली हे त्याला माहीतच नव्हतं. मोठ्या गाड्यांमधून माल उतरवणारा जो एन्झाइम आहे त्याला इन्सुलिनची साथ लागते. ती सुटली की गाड्या भरलेल्याच फिरतात. इथे तातडीचा धोका हृदयापेक्षा स्वादुपिंडाला, कधीही सूज येऊ शकते. त्याला त्याच दिवशी दाखल केलं. साखर आटोक्यात आल्यावर पुळ्या काही आठवड्यांत आपोआप गेल्या. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन देताना आम्ही ट्रायग्लिसराइड तपासायला सांगतो तेही याच धास्तीने, त्या गोळीने ते चढतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. ‘कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी त्वचा कोरडी पडते, केस जातात असं शेजारच्या वहिनी म्हणाल्या.’ वहिनींचं म्हणणं हवेतलं नाही, त्याला एक जुनी हकीकत आहे. १९६० मध्ये अमेरिकेत ट्रायपॅरॅनॉल नावाचं कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध बाजारात आलं. घेणाऱ्यांची कातडी खवल्यासारखी झाली, केस गळाले, डोळ्यांत मोतीबिंदू झाले. १९६२ मध्ये ते मागे घ्यावं लागलं. ते औषध कोलेस्टेरॉल तयार होण्याची अगदी शेवटची पायरी अडवायचं आणि अर्धवट माल शरीरात साठायचा.

त्वचेला कोलेस्टेरॉल लागतंच. तिचा सगळ्यात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. विटा म्हणजे मेलेल्या पेशी, आणि मधला गिलावा म्हणजे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मोकळी फॅटी आम्लं. सिरॅमाइड वजनाने निम्म्याच्या आसपास, कोलेस्टेरॉल पाव हिस्सा. हा गिलावा असतो म्हणून आपण उन्हाळ्यात वाळून जात नाही. पण तो त्वचेच्या पेशी जागच्या जागी बनवतात. वरच्या थरात रक्तवाहिन्याच नसतात, त्यामुळे रक्तातलं एलडीएल ७० असलं काय किंवा २७२ असलं काय, गिलाव्याचं काम बहुतेक अडत नाही. हल्लीच्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, म्हणजे स्टॅटिन, ट्रायपॅरॅनॉलपेक्षा फार आधीची पायरी, आणि मुख्यतः यकृतात, अडवतात. माझ्याकडे स्टॅटिन घेणारे शेकडो रुग्ण येतात. त्वचा थोडी कोरडी वाटते असं काही म्हणतात, आणि आंघोळीनंतर खोबरेल लावून त्यांचं भागतं.

या गिलाव्यातही वाहतूकच आहे, आणि इथे निसर्गाचं एक घराणं फार सुंदर दिसतं. पेशीतून चरबी बाहेर ढकलणाऱ्या पंपांचं एक कुळ आहे, एबीसीए. त्यातला पहिला, एबीसीए-१, मॅक्रोफेजमधलं कोलेस्टेरॉल बाहेर काढून एचडीएलच्या, म्हणजे साचलेला माल परत नेणाऱ्या गाडीच्या, हवाली करतो. तो बिघडला की टॅन्जियर रोग. अमेरिकेच्या चेसापीक खाडीतल्या टॅन्जियर बेटावरच्या एका लहान मुलाच्या घशात नारिंगी टॉन्सिल दिसले, त्यावरून हे नाव. एचडीएल जवळजवळ नसतंच, आणि फेसाळ पेशी टॉन्सिलमध्ये साठतात. त्याचाच भाऊबंद एबीसीए-१२ त्वचेच्या पेशीत गिलाव्याचा माल पिशव्यांत भरतो. तो पार बिघडला तर बाळ जाड, तडे गेलेल्या कातडीच्या चिलखतात जन्मतं. पहिल्याचं जनुक १९९९ मध्ये कळलं, दुसऱ्याचं २००५ मध्ये.

‘मग एचडीएल वाढवायची गोळी घेऊ का?’ असं पुढे विचाराल, म्हणून आधीच सांगते, नको. टॉर्सेट्रॅपिब नावाच्या औषधाने एचडीएल भरपूर वाढलं, तरी घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले आणि २००६ मध्ये ती चाचणी बंद करावी लागली. किती गाड्या आहेत यापेक्षा त्या माल उचलतात का, हे बघावं लागतं. सोरायसिसमध्ये, म्हणजे कातडीवर लाल, खवलेदार चट्टे आणणाऱ्या जुनाट आजारात, हेच दिसतं. दीर्घकाळच्या सुजेमुळे एचडीएलची उचलण्याची ताकद कमी होते. ब्रिटनमधल्या नोंदींवरून २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तीव्र सोरायसिस असलेल्या तिशीतल्या माणसाला हार्ट अटॅकचा धोका तिपटीच्या आसपास निघाला. २०१८ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांमध्ये हृदयाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींच्या यादीत सोरायसिससारखे सुजेचे आजार आहेत, आणि त्याच यादीत दक्षिण आशियाई वंशही आहे. आपण त्या यादीत जन्मानेच आहोत.

तुमच्यासाठी काय करायचं ते आता. थायरॉइड, लघवीतली प्रथिनं आणि यकृताच्या तपासण्या करून घ्या. थायरॉइड मंदावला, मूत्रपिंडातून प्रथिनं गळाली किंवा पित्ताचा मार्ग अडला तरी कोलेस्टेरॉल असंच चढतं, आणि ते आधी वगळायला हवं. लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखीच आणखी एक गाडी) ही तपासणी आयुष्यात एकदा करून ठेवा. ती आपल्या लोकांत बऱ्याचदा वाढलेली असते आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये येत नाही. मग हृदयरोगतज्ज्ञ किंवा चांगले फिजिशियन. ते बहुधा स्टॅटिन सुरू करतील. ही गोळी ‘रक्त पातळ’ करत नाही आणि साचलेलं खरवडूनही काढत नाही. ती यकृताला कोलेस्टेरॉलची टंचाई भासवते, मग यकृत चालू असलेल्या जनुकावरून जास्त गव्हाणी बांधतं. तुमचं एक जनुक चांगलं आहे, म्हणून तुम्हाला ती लागू पडेल. त्या नऊ वर्षांच्या मुलीला तिचा फारसा उपयोग होत नाही, हेच या युक्तीचं मर्म आहे. पुरलं नाही तर एझेटिमिब, म्हणजे आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं कमी करणारी गोळी, जोडतात, आणि तरीही नाही तर इंजेक्शनं.

इंजेक्शनांची गोष्ट थोडी सांगायलाच हवी. पीसीएसके-९ नावाचं एक प्रथिन रिसेप्टरला चिकटून त्याला फेऱ्या संपायच्या आतच भंगारात घालवतं; ही इंजेक्शनं त्या प्रथिनालाच अडवतात. काही लोकांत या प्रथिनाचं एक जनुक जन्मतःच निकामी असतं. अमेरिकेतल्या अशा कृष्णवर्णीय लोकांचा पंधरा वर्षांचा अभ्यास २००६ मध्ये आला. त्यांचं एलडीएल सरासरी २८ टक्के कमी होतं, आणि हृदयरोग तब्बल ८८ टक्के कमी. २८ आणि ८८, एवढी तफावत का? कारण त्यांचं एलडीएल जन्मापासून कमी होतं. धमनी फक्त आजचा आकडा मोजत नाही, आकडा गुणिले वर्षं असा हिशेब ठेवते. तुमच्या बाजूला चौतीस वर्षं २७२ च्या आसपासची जमा आहेत. म्हणून ‘पुढच्या वर्षी बघू’ नको.

बाळाचा विचार असेल तर पहिल्याच भेटीत तसं सांगा. गर्भधारणेआधी स्टॅटिन सहसा थांबवतात. तुमच्या प्रत्येक मुलाला हे मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी. मुलगी सात वर्षांची आहे म्हणालात, तिचं लिपिड प्रोफाइल आत्ताच करा. या आजारात आठ-दहा वर्षांपासूनही औषध सुरू करतात. ते ऐकायला कठोर वाटतं, पण वर म्हटलेला गुणाकार तिच्याही धमन्यांत चालू आहे. आणि वडिलांची भावंडं, त्यांची मुलं, सगळ्यांना हा रिपोर्ट पाठवा. तुमचा एक फोन कदाचित पाच-सहा जणांपर्यंत पोचेल.

चट्टे काढायचेच असतील तर नंतर काढू, ते शक्य आहे. ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लाने, रेडिओफ्रिक्वेन्सीने, लेझरने किंवा कापून. पण कुठल्याही पद्धतीने काढले तरी परत येण्याचं प्रमाण बरंच आहे, एलडीएल २७२ वर ठेवून काढले तर जास्तच. वर्षभर औषध घेतल्यावर काहींचे चट्टे स्वतःहून फिके होतात, सगळ्यांचे नाही. डोळ्याच्या इतक्या जवळ आम्ल लावायचं काम पार्लरमध्ये नको, आणि लसूण चोळण्याचा उद्योग तर मुळीच नको. लसणाने भाजलेल्या पापण्या मी तीन बघितल्यात.

भाऊ पुण्यात एकटा राहतो, बत्तिशीचा, जिमला जातो, तब्येत उत्तम, असं तुम्ही लिहिलंय. पण हा आनुवंशिक बिघाड असलेल्या पुरुषांपैकी साधारण निम्म्यांना उपचाराविना पन्नाशीच्या आत हृदयाचा झटका किंवा धमन्यांचा आजार गाठतो. आज रात्री जेवण झाल्यावर त्याला फोन करा, टाच चाचपायला सांगा, आणि उद्या सकाळी लॅबमध्ये जायला सांगा. साध्या लिपिड प्रोफाइलला उपाशी राहायचीही गरज नाही.